मढवलेली बटणं

बंडू उईकेनं किल्लीची साखळी उलटसुलट करून पाहिली आणि टेबलावर परत टाकली.

"हे तर बर्डीच्या बाजारात ढिगानं भेटते," तो म्हणाला. "उद्या कोणीबी म्हणंन, मले मिळालं होतं. मग तुमी कसं ओळखसान?"

सबनीस मॅडमनी साखळी बाजूला सरकवली आणि दुसरी वस्तू पुढे केली. स्टीलची छोटी डबी. बंडूनं ती हातातसुद्धा घेतली नाही. सांजपर्यंत भंगारात जाईल, एवढंच म्हणाला. तिसरी वस्तू म्हणजे दोऱ्यात ओवलेलं घुंगरू. ते त्यानं कानाशी नेऊन वाजवलं आणि हसला.

"पोलिसाची गाडी आली का आमचे लोक श्वास दाबून बसतात मॅडम. अन् तुमी त्याइच्या हाताले घंटी बांधून राहिले."

नागपुरातल्या एका संस्थेच्या पहिल्या मजल्यावर हे चाललं होतं. गोष्ट पंधराएक वर्षांपूर्वीची. मी ज्या दैनिकात होतो त्याची नागपूर आवृत्ती त्या दिवाळीआधी बंद पडली होती, आणि दोन महिन्यांच्या बोलीवर मी या मोजणीच्या कामाला लागलो होतो. माहिती गोळा करायची आणि शेवटी मराठीत अहवाल लिहायचा. बंडू मला 'पेपरवाले' म्हणायचा. तो स्वतः आधी सुईवर होता. आता सुटला होता, पण बोलताना 'आमचे लोक' असंच म्हणायचा.

शहरात सुईनं नशा करणारे किती, हा आकडा काढायचा होता. पोलिसांकडे एक आकडा होता, तो पकडले गेलेल्यांचा. दवाखान्यांकडे दुसरा, तो आजारी पडलेल्यांचा. जे पकडले गेले नाहीत आणि दवाखान्यातही गेले नाहीत, ते कुठेच नव्हते. सबनीस मॅडम पुण्याहून आल्या होत्या त्या यांच्यासाठी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हिशेब समजावून सांगितला होता. तलावात मासे किती हे पाहायला तलाव उपसत नाहीत. एकदा जाळं टाकायचं, आले तेवढ्या माशांना दोरा बांधायचा आणि सोडून द्यायचं. काही दिवसांनी पुन्हा जाळं टाकायचं. आलेल्यांत दोरा बांधलेले किती निघतात, त्यावरून सगळ्या तलावाचा अंदाज येतो. फक्त मधल्या काळात कुणी तलाव सोडून जाता कामा नये, नवा कुणी येता कामा नये. "आणि तिसरी अट सगळ्यात अवघड," मॅडम म्हणाल्या होत्या. "दोरा बांधल्यामुळे मासा बदलता कामा नये."

आम्हाला तो दोरा हवा होता. बाजारात न मिळणारा, विकून काही न येणारा, लपवता येणारा आणि तरी फेकून न द्यावासा वाटणारा.

शेवटी कापडानं मढवलेलं बटण ठरलं. मॅडमनी शंका काढली की कापडसुद्धा विकतील. बंडू म्हणाला, चिंध्यांचा भाव पुलाखालच्यांइतका कुणाला ठाऊक नाही. घाटावर प्रेतावरची लुगडी-धोतरं काढून ठेवतात, ती उचलून चिंधीवाल्याला किलोनं घालणं हा तिथल्या कित्येकांचा धंदाच आहे. पण बटणाएवढ्या तुकड्याला चिंधीवालाही हात लावत नाही.

"अन् बनवायले गिरजाबाई हाय ना," तो म्हणाला. "रोज जिन्यात येऊन बसते. तिले काम द्या. तेवढंच तिच्या हाताले अन् डोक्याले बरं."

गिरजाबाई निखारेंना मी पाहिलं होतं. पाचपावलीकडच्या कोष्टी वस्तीत राहायच्या. नवऱ्याचा हातमाग होता, तो नवऱ्याबरोबर संपला. आता त्या शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका टेलरकडे काज-बटण करायच्या. दुपारी सुटी झाली की संस्थेच्या जिन्यात चौथ्या-पाचव्या पायरीवर बसायच्या. त्यांचा मुलगा चार वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. त्यानंतर दोनदा तो सुई घेणाऱ्यांत दिसल्याचं कुणीतरी सांगितलं, मग तेही थांबलं. तो जिवंत आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. घरी आणा, सुधरवा, असं काही त्यांनी कधी म्हटलं नाही.

पहिल्या दिवशी मीच त्यांना आत बोलावलं होतं. "मोरेश्वर नाव हाय बाबू," त्या म्हणाल्या, "उंच हाय, अन् इथं कपाळावर..." मॅडमनी त्यांना तिथंच थांबवलं. आम्ही नाव विचारत नाही, कुणी सांगितलं तरी लिहीत नाही, आणि कोण भेटलं हे कुणालाच सांगत नाही, घरच्यांनाही नाही. ते आम्हाला भेटतात ते त्याच भरवशावर. गिरजाबाईंनी हे नीट ऐकून घेतलं. वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन जिन्यात बसल्या.

कामाचं विचारलं तेव्हा त्यांनी दोनच प्रश्न विचारले. बटणं किती, आणि कोणाकोणाला देणार. चारशे, मॅडम म्हणाल्या, आणि पुलाखाली, रेल्वेच्या यार्डात, घाटामागे जे भेटतील त्या सगळ्यांना. कापड आम्ही आणून देऊ. त्याची गरज नाही, गिरजाबाई म्हणाल्या, घरी आहे.

"बाजारात मिळणारं नको बरं का."

"नाई मिळत. माझ्या मालकानं इनलेलं हाय. मागावर एकदाच चढलं होतं."

आठवड्यानं त्यांनी पिशवी आणून दिली. जांभळं सुती कापड, त्यावर मोहरीच्या रंगाच्या बारीक रेघा. काही बटणांवर रेघा विरळ होत्या, काहींवर एकदम दाट. कडा इतक्या ताणून घेतल्या होत्या की टाका दिसत नव्हता. प्रत्येकाला मागून दोऱ्याचा फास होता. मॅडमनी एक उचलून उजेडात धरलं आणि छान म्हणाल्या. त्या सहसा असं म्हणत नसत.

"कोणाले सोडू नका," गिरजाबाई म्हणाल्या. "एकालेबी."

वाटपाचं काम बंडू आणि त्याच्या दोन साथीदारांनी केलं. मी त्यात नव्हतो, कारण दुसऱ्या फेरीला वेगळी माणसं लागतात. नाहीतर ओळखीच्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून लोक नसलेलं बटणही मिळालं म्हणून सांगतात. मी त्या दिवसांत टेबलाशी बसून कोरे कागद लावत होतो. रेशीमबागेत एका खोलीत राहायचो. कार्यालयाबाहेर दिवसभरात माझ्याशी बोलायचा तो फक्त डबा आणणारा माणूस, आणि तोही 'उद्या आहे का' एवढंच विचारायचा. संध्याकाळी उतरताना जिन्यात गिरजाबाई भेटायच्या. मी जागा करून घेऊन उतरायचो. एकदा त्यांनी विचारलं, बटणं पुरली का. मी म्हणालो, पुरली. सगळी संपली? संपली. त्या मान हलवून उठल्या आणि माझ्यापुढे पायऱ्या उतरून गेल्या. त्यानंतर मात्र दुपारी लवकर उठून घरी जाऊ लागल्या. बंडूनं विचारलं तर म्हणाल्या, घरी कोणी आलं तर कुलूप नको.

तेव्हाच मला थोडंसं कळलं, पण अर्धंच.

दुसरी फेरी डिसेंबरच्या मध्यावर सुरू झाली. नाल्यावरच्या पुलाखाली मी सकाळी गेलो. नागपूरच्या थंडीत सकाळी उन्हाचा पट्टा जिथं पडतो तिथं माणसं सरकत जातात, तशी तिथली मंडळी एका भिंतीला लागून बसली होती. बंडूनं मला लांबून जागा दाखवली आणि तो वरच थांबला. मी एकेकाला बाजूला घेऊन ठरलेले प्रश्न विचारत होतो. सुई शेवटची कधी. अशी वस्तू कुणी दिली होती का. खिशातलं नमुन्याचं बटण मी शेवटीच दाखवायचो. कुणी आपलं काढून दाखवत होते, कुणी हरवलं म्हणून सांगत होते. एकानं ते कुत्र्याच्या गळ्यात बांधलं होतं आणि कुत्राच मला आणून दाखवला. "याले बी मोजा," तो म्हणाला. "हा तर माह्यापेक्षा जास्त वेळ इथं असते."

सगळ्यांपासून दूर, नाल्याच्या कठड्यावर एक जण एकटा बसला होता. तिशीचा असेल. अंगावर कुणाचा तरी मोठा स्वेटर. डोकं भादरलेलं, चार-पाच दिवसांचे खुंट आले होते. मागे शेंडी. मिशीही काढलेली.

मी जवळ उकिडवा बसलो आणि पहिला प्रश्न विचारला. महिन्याभरात सुई घेतली का?

"घेतली. तीन दिवस सोडून." आवाज खोल होता. "दहा दिवस पाळावं म्हटलं होतं. चौथ्या दिवशी नाई निभलं."

काय पाळायचं होतं, ते मी विचारलं नाही. कागदावर त्याला जागा नव्हती. मी खिशातून बटण काढलं. त्यानं ते पाहिलं आणि स्वेटरच्या गळ्यातून स्वतःचं ओढून बाहेर काढलं. दोरा लांब करून गळ्यात घातलं होतं. त्याच्या बटणावर रेघा दाट होत्या.

"तुमी हे कापड कुठून आणलं?" त्यानं विचारलं. "घाटावरच्या चिंधीवाल्याकडून ना?"

मी नाही म्हणालो.

"नाई कसं. मी सोता किती नेऊन टाकले. लुगडं आलं का पदर वेगळा ठेवते तो, चांगला असला तर." त्यानं बटण अंगठ्यानं चोळलं. "हा पदर हाय. या रेघा पाहा. इथं बापाची मोजणी चुकली, दाट पडल्या. माय त्याले लई हसे. पण लुगडं कोणाले नेसायले दिलं नाई कधी. म्हणे, हे माह्यासंगच जाईन."

मी कागद मांडीवर ठेवला.

"कोणी सांगणारंच नव्हतं मले," तो म्हणाला. "तुमच्या माणसानं हे हातात ठेवलं तवा समजलं का माय गेली. केव्हा गेली, कोणी नेलं, काय माहीत. म्हटलं बापाच्या वेळेस नव्हतो, निदान हिचे तरी केस देऊ. नाल्यावरच न्हाव्याले सांगितलं."

पत्रकारितेत असताना मी लोकांना वाईट बातम्या पुष्कळदा सांगितल्या होत्या. गेलेला माणूस गेलेला नाही, हे सांगायची वेळ कधी आली नव्हती. कसं बोलायचं ते सुचेना, म्हणून मी बातमीसारखंच सांगितलं. गिरजाबाई निखारे. पाचपावली. काज-बटण करतात. ही बटणं त्यांनीच मढवली आहेत. परवा मी त्यांना पाहिलं, तब्येत बरी आहे.

त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. तो नाल्याच्या पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "मग कापलं काहून?"

"तुम्हाला ओळखू यावं म्हणून असेल."

"चारशे तुकडे केले असतीन."

"चारशे."

तो हसला असं मला वाटलं, पण तो खोकत होता. खोकला थांबल्यावर त्यानं बटण परत आत टाकलं.

"एक सांगू सायब? माय गेली समजलं तवा पहिले लई रडलो. मंग झोप येऊन राहिली होती. चार वर्षांत अशी झोप नव्हती आली. कोणी वाट पाहून नाई राहिलं म्हटल्यावर माणूस मोकळा होते. तुमी आज ते बी घेऊन गेले."

मी कागद पुन्हा उचलला.

"लिहा," तो म्हणाला. "बटण मिळालं."

मी लिहिलं. मी उठलो तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तिले सांगू नका," तो म्हणाला. "मी भेटलो ते तर नाईच. पण हे," त्यानं डोक्यावरून हात फिरवला, "हे तर कधीच नाई. आपला पोरगा आपल्यासाठी डोकं भादरून बसला, हे कोण्या मायनं ऐकू नाई."

मी कबूल केलं.

दुपारी मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. कागद मागून पाहिला.

"बटण मिळालं, हो. हे खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मग नोंद बरोबर आहे."

"पण दोऱ्यानं मासा बदलला."

"एक मासा," त्या म्हणाल्या. मग कागद परत देत, "आपल्याला माहीत असलेला एक."

तो जिवंत आहे एवढं तरी गिरजाबाईंना सांगू का, असं मी विचारलं. मला तिथून उठवत नव्हतं म्हणून विचारलं, उत्तर ठाऊक होतं. नाही, मॅडम म्हणाल्या. आज एका आईला सांगितलं तर उद्या पुलाखाली कुणी सापडणार नाही, आणि जुन्या सुया बदलून नव्या द्यायला बंडू जातो तेव्हाही सापडणार नाही. मुलाला आई आहे हे मी सांगितलं, ते चुकलं का, असं मी विचारलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "आईची माहिती गुप्त ठेवू असं आपण कुणाला कबूल केलेलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता त्याचं तो बघेल."

दुसऱ्या आठवड्यात बंडूला मी सहज विचारल्यासारखं विचारलं. कठड्यावर आता कुणी बसत नाही, तो म्हणाला. एक टकला होता, तो गेला कुठेतरी.

मी गिरजाबाईंना टाळू लागलो. त्या दुपारी घरीच असायच्या, त्यामुळे ते फारसं अवघड नव्हतं. संध्याकाळी जिना रिकामा असायचा. मी चौथ्या-पाचव्या पायरीवरून उतरताना तरीही कडेनं उतरायचो.

अहवालाचं काम जानेवारीत संपत आलं. मॅडमनी आकडा काढला होता, खाली किती आणि वर किती असू शकतो तेही. पोलिसांच्या आकड्यापेक्षा तो बराच मोठा होता. मी शेवटचं प्रकरण तपासत बसलो होतो तेव्हा गिरजाबाई आल्या. जिन्यात न थांबता थेट वर आल्या आणि माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या. मॅडम त्या दिवशी पुण्याला गेल्या होत्या.

"आला होता," त्या म्हणाल्या.

मी कोण म्हणून विचारलं नाही, आणि मला कळलं असं त्यांनीही गृहीत धरलं असावं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तो दारात येऊन उभा राहिला होता. आत ये म्हटलं तर पाय घाण आहेत म्हणाला. त्यांनी पाणी दिलं, पण तो उंबऱ्यावरच बसला. भाकरी आणि वांग्याची भाजी होती, ती खाल्ली. मग म्हणाला, लुगडं दाखव. त्यांनी ट्रंकेतून काढून दिलं. त्यानं ते पूर्ण उलगडलं, फक्त पदरच गेला आहे हे पाहिलं, आणि पुन्हा घडी केली. त्याला घडी नीट जमली नाही. ती तशीच राहू दिली आहे, त्या म्हणाल्या. बटण त्याच्या गळ्यात होतं. त्यांनी ते मागितलं नाही, त्यानंही काढलं नाही. पुन्हा येतो असं काही तो बोलला नाही. पण जाताना दार ओढून घेतलं नाही, उघडंच ठेवलं.

हे सगळं त्यांनी सरळ सांगितलं, टेलरकडचं काम सांगावं तसं. मी पाण्याचा पेला पुढे केला. त्या प्यायल्या नाहीत.

"एक इचारू का बाबू? नाव नाई इचारत, म्या ते सोडलं."

"विचारा."

"त्याचं डोकं भादरलेलं होतं. केस आता येऊन राहिले. पण मागं शेंडी होती, मिशी बी नवीनच येऊन राहिली. म्या म्हटलं, कोण गेलं रे? तर खाली पाहत राहिला." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बाप गेला तवा बी त्यानं केस नव्हते काढले. होताच कुठं तो. अन् आमच्या घरात आता मी सोडून कोणी नाई. मंग यानं डोकं कोणासाठी भादरलं?"

मी टेबलावरचे कागद सारखे केले. ते आधीच सारखे होते.

"म्या लई इचार केला," त्या म्हणाल्या. "तिथं कोणी बाई असंन. म्हातारी. कोणाची तरी माय. तिनं त्याले पोरावानी ठेवलं असंन, भाकर टाकली असंन. त्याशिवाय का कोणी केस देते? मी इकडं समजून राहिली का पोरगा उघड्यावर एकटा हाय, अन् त्याले तिथं माणूस होतं." त्या माझ्याकडे पाहू लागल्या. "असंन ना बाबू?"

"असेल," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. त्यांनी डोळे मिटले आणि टेबलावरच्या कागदांसमोर हात जोडले. ओठ थोडे हलले. त्या बाईला गती मिळावी, असं काहीतरी म्हणाल्या असाव्यात. मग डोळे उघडून त्यांनी विचारलं, "तिचं नाव माहीत हाय का तुमाले? दिवा लावला असता."

मी त्यांना सांगितलं, तिथं आम्ही कुणाचं नाव विचारत नाही.